सर्वानुमते

मिशिगनला जाऊन काय पाहिलंस, असं परत आल्यापासून सगळे विचारतात. नायगारा पाहिला का? नाही. शिकागो? तेही नाही. मी एका सोव्हिएत प्रजासत्ताकाचं विधिमंडळ पाहून आले, असं सांगितलं की समोरचा माणूस काळजीनं माझ्याकडे बघतो. पण खरंच सांगते, तीन महिन्यांत धडपणे पाहिलं असं मी तेवढंच पाहिलं. ते विधिमंडळ होतं तसं आता कुठेच भरत नाही. काही म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात तेवढं ते उरलं आहे, आणि त्यांपैकी एक माणूस माझ्या मुलाच्या शेजारी राहतो.

माझी स्वतःची सगळी नोकरी मुंबईत विधिमंडळात प्रतिवेदक म्हणून गेली. म्हणजे सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, मग बाहेर येऊन टंकायचं. आपलं मत शून्य. सदस्य हसले तर कंसात (हशा), ओरडले तर कंसात (गोंधळ). इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून माझा स्वभाव खवट झाला आहे असं अनिकेत म्हणतो. असेल.

ट्रॉय

अनिकेत डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहतो आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला अनेकदा समजावलं आहे. सून मृणाल बँकेत आहे, नात ईरा कॉलेजात. सकाळी तिघं तीन गाड्यांतून निघून गेली की घरात उरायचे मी आणि फ्रीज. फिरायला जावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळीकडे कातरलेली हिरवळ, तिच्यावर खारी, आणि कुत्र्याला फिरवणारं कुणी दिसलंच तर लांबूनच हात हलवून पुढे जाणार. पहिल्या आठवड्यात मी भाजीवाल्याशी घासाघीस करण्यासाठी अक्षरशः आसुसले होते.

शेजारच्या पेत्रोशी ओळख झाली ती शेपूमुळे. त्याच्या मागच्या अंगणातून ओळखीचा वास आला म्हणून मी कुंपणापाशी थांबले, तर तिथे कमरेएवढा शेपू! पेत्रोनं लगेच एक जुडी उपटून दिली. उंच, वाकलेला, पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस. मूळचा युक्रेनचा, सोव्हिएत संघ मोडल्यावर इकडे आलेला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेला. बायको गेली, मुलगी टेक्ससला. मी त्या शेपूची मुगाची डाळ घालून भाजी केली आणि वाटीभर त्याला नेऊन दिली. त्यानं ती सगळी खाल्ली, पण चांगल्या शेपूचा आम्ही जीव घेतला असं त्याला वाटलं असावं. त्यांच्याकडे तो कच्चाच चिरून उकडलेल्या बटाट्यांवर टाकतात. तेही मी खाऊन पाहिलं, आणि मला त्यात मीठ-मिरची शोधावी लागली.

मी काय काम करायची ते ऐकल्यावर मात्र त्यानं हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"डेप्युटी जे बोलत, ते सगळं लिहायचीस?"

"सगळं."

"आणि जे बोलले नाहीत, पण त्यांनी केलं, ते?"

"म्हणजे?"

"समज, एखाद्यानं हात वर केला. हात वर केल्याचा आवाज होत नाही."

मग कळलं की तरुणपणी पेत्रो त्यांच्या प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च सोव्हिएतचा सदस्य होता, त्यांच्या शब्दांत डेप्युटी, म्हणजे आपल्या हिशेबानं आमदार. त्यानंतर रोज दुपारी चहाला तो मला ते सभागृह थोडं थोडं दाखवायला लागला. कीवमधली ती इमारत, वर काचेचा घुमट. वर्षातून दोनदा काही दिवस अधिवेशन. मधल्या काळात मोजकी वरिष्ठ मंडळी हुकूम काढणार आणि अधिवेशनात बाकीच्यांनी त्यावर मोहोर उमटवायची. निवडणुकीत मतपत्रिकेवर नाव एकच. पसंत असेल तर तशीच घडी करून पेटीत टाकायची. नाव खोडायचं असेल तर पडद्याआड जायचं, आणि पडद्याआड कोण गेलं ते अख्ख्या गावाला दिसायचं. तरी लोक सकाळी सकाळी मतदानाला पळायचे, कारण केंद्रावरच्या उपाहारगृहात त्या दिवशी संत्री आणि चांगले सॉसेज मिळायचे.

"आणि तुला तिकीट कसं मिळालं?" मी विचारलं. आपल्याकडे तिकिटासाठी माणसं देव पाण्यात घालून बसतात.

"फोरमननं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. आमच्या जिल्ह्यातून तिशीच्या आतला, पक्षाचा सभासद नसलेला, लेथवर काम करणारा एक माणूस हवा होता. तशीच गाईंची धार काढणारी एक बाई हवी होती. ती हान्ना. आम्ही शेजारी शेजारी बसायचो."

मत द्यायची पद्धत त्यानं मला करून दाखवली. अध्यक्ष कागदावरून विचारायचे, "अनुकूल?" सगळे हात वर. "खाली घ्या." मग एका दमात, मान वर न करता, "विरुद्ध? तटस्थ? कुणी नाही. सर्वानुमते संमत." हे इतकं भरभर व्हायचं की विरुद्ध असणाऱ्याला हात काखेतून सोडवायलाही वेळ मिळू नये. आमच्याकडे 'होय'वाले आणि 'नाही'वाले एकदमच ओरडायचे आणि मी कंसात (गोंधळ) लिहून मोकळी व्हायची. गोंधळाला मी जन्मभर शिव्या घातल्या. पेत्रोचं ऐकून पहिल्यांदाच मला तो आवाज बरा वाटला.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच घुमटाखाली खरोखर निवडून आलेली माणसं बसली, भांडली, आणि देश स्वतंत्र झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. पेत्रो तेव्हा घरी टीव्हीपुढे होता. "मी खूप रडलो," तो म्हणाला. "आनंदानं, आणि लाजेनंही. त्यांनी हात वर केले तेव्हा ते हात वाटत होते."

आता खरी गोष्ट. एका अधिवेशनात पंचवार्षिक योजना मंजुरीला आली. तिच्या जाडजूड मसुद्यात एका धरणाचा एक परिच्छेद होता, आणि त्या धरणाच्या पाण्याखाली पेत्रोचं गाव जाणार होतं. घर, चेरीची झाडं, आईची कबर. गावात त्याची धाकटी बहीण ओल्हा राहत होती. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे त्याला फार काही समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ओल्हानं वर्तमानपत्रात वाचलं, 'सर्वानुमते'. सर्वांत तिचा भाऊही आला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"पण मी हात वर केला होता, सुनंदा. विरुद्ध म्हटल्यावर. हा असा." त्यानं उजवा हात पार डोक्यावर ताठ केला. "अख्ख्या सभागृहात माझा एकट्याचा. अध्यक्षांनी वर पाहिलंच नाही."

त्यानं बहिणीला हे पत्रातून कळवलं, नातेवाइकांकरवी सांगितलं. तिचं एकच उत्तर, "पाहिलेला एक माणूस दाखव." आता ती अंथरुणाला खिळली होती. तिकडे युद्ध चालू, वीज असेल तेव्हाच फोन लागणार. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आणि नेमकं याच उन्हाळ्यात पेत्रोला चर्चच्या एका जेवणात कळलं, की हान्ना ओहायोत, क्लीव्हलंडजवळच्या पार्मात, मुलीच्या घरी राहते. गाडीनं तीन-साडेतीन तास. त्यानं फोन केला, तिनं शनिवारी जेवायला बोलावलं. कामाचं फोनवर काढायचं नाही, असं त्याचं ठरलं होतं. मोतीबिंदूमुळे त्याला हायवेवर गाडी चालवता येत नव्हती, आणि त्याला मीही सोबत हवी होते. हान्ना जे सांगेल ते मी सभागृहात लिहायची तसं लिहून घ्यायचं.

अनिकेतला हे पटलं नाही. "आई, तू व्हिजिटला आलीयस, विटनेस म्हणून नाही. उगाच इन्व्हॉल्व्ह होतेयस."

"मी नुसती बसणार आहे."

"तू नुसती कधीच बसत नाहीस यार." पण शनिवारचं गोल्फ त्यानं कॅन्सल केलं.

ईरानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, व्हाय कान्ट ही जस्ट से सॉरी?"

"सॉरी कशाबद्दल म्हणायचं?" मी तिला झापलं. "त्यानं तर हात वर केला होता."

डझनभर गुलाब

वाटेत टोलिडोच्या अलीकडे अनिकेतनं एका दुकानातून गुलाब घेतले. बाराचा गुच्छ, तिकडे तसाच मिळतो. तो पाहून पेत्रोचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम. सम फुलं मयताला.

"अंकल, इट्स अ डझन, इट्स नॉर्मल," अनिकेत म्हणाला.

मी मात्र लगेच समजले. आपण आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो, तो उगाच नाही. मी एक गुलाब ओढून काढला, काटा बोटात घुसला, आणि तो गुलाब आम्ही पेट्रोल पंपावरच्या मुलीला देऊन टाकला. ती इतकी खूश झाली की पेत्रोही हसला. त्यानंतर सगळ्या वाटभर तो बोलत होता. ओल्हा लहानपणी चेरीच्या झाडावरून कशी पडली, तिला तो शाळेत पाठुंगळीला कसा न्यायचा. दोन्ही बाजूंना वाळलेला मका, सपाट, कंटाळवाणा, संपता संपत नव्हता. पेत्रोनं तिकडे पाहिलंही नाही. त्याला इतकं आनंदात मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मलाही उगाचच भरून येत होतं.

पार्मा

पार्मात एका रस्त्यावर खांबाखांबांवर निळे-पिवळे झेंडे आहेत, पाट्या त्यांच्या लिपीत आहेत, बेकरीत काळा पाव मिळतो. हान्नाचं घर विटांचं, बुटकं. हान्नाही तशीच. तिनं दारातच पेत्रोला मिठी मारली आणि दोघं बराच वेळ एकमेकांच्या पाठीवर थोपटत राहिली. मग तिनं डोळे पुसले आणि इंग्रजी सुरू केलं. पाहुण्यांसमोर त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलणं तिला वाईट दिसत होतं. पंक्तीला बसलेल्याला सोडून आपापसात कुजबुजू नये, असं माझी आई म्हणायची, ते आठवलं.

जेवायला बीटचं लालभडक सार, त्यावर शेपू, आणि बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या. त्यांची मुरड इतकी सुबक होती की मी हान्नाला करून दाखवायला लावली आणि आपली मुरड तिला करून दाखवली. तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ होती. अनिकेतनं तीनदा वाढून घेतलं.

जेवताना दोघांचं सभागृह भरलं. उपाहारगृहातली स्वस्त संत्री हान्ना पिशवी भरभरून मुलांसाठी न्यायची. कुणी एक म्हातारा सदस्य घोरायचा आणि टाळ्यांच्या आवाजानं जागा होऊन टाळ्या वाजवायचा. एकदा हान्नाला भाषण करायचं होतं. ते तिला लिहूनच मिळालं, आणि त्यात तिच्या गाईंनी दिलेलं दूध खऱ्यापेक्षा बरंच जास्त होतं. दोघं खोकला येईपर्यंत हसली. तेवढ्यात अनिकेतला ऑफिसचा फोन आला म्हणून तो बाहेर अंगणात गेला.

पेत्रो विषय कसा काढायचा याची जुळवाजुळव करत होता. मला ते दिसत होतं. पण हान्नानंच काढला.

"योजनेचा दिवस आठवतो तुला?"

पेत्रोचा चेहरा उजळला. मी वही मांडीवर घेतली.

"मी हे कुणाला सांगत नाही," हान्ना म्हणाली. "त्या पाण्यात आमची कुरणं गेली. गाई विकाव्या लागल्या. पण मी हात वर केला होता, पेत्रो. विरुद्ध म्हटल्यावर. हा असा. अख्ख्या सभागृहात माझा एकटीचा. अध्यक्षांनी वर पाहिलंच नाही."

माझी पेन्सिल सवयीनं तीनचार शब्द पुढे गेली आणि थांबली. हीच वाक्यं मी ट्रॉयमध्ये ऐकली होती. हातही तसाच, डोक्यावर ताठ. मी गप्प बसायला हवं होतं. पण दोन सदस्य एकदम बोलले तर कोण कुठे बसलं होतं ते आधी विचारायचं, ही आमच्या कामाची रीत. ती हाडात मुरलेली.

"तुम्ही कुठे बसला होतात?"

"नेहमीच्याच जागी. माझ्या डाव्या हाताला पेत्रो."

"आणि पेत्रोनं काय केलं?"

हान्ना मायेनं हसली. "पेत्रोनं? त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले होते, थंडीत मुलं बसतात तसे. गुडघ्यांकडे बघत होता. मी त्याला दोष देत नाही. सगळे तसेच बसले होते."

पेत्रो टेबलाकडे बघत होता. अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "तुझे हात पिशवीवर होते, हान्ना. संत्र्यांची पिशवी मांडीवर होती. ती घसरू नये म्हणून तू दोन्ही हातांनी धरली होतीस."

हान्नानं आपल्या हातांकडे पाहिलं. दोघांना आपापला हात वर गेलेला आठवत होता, आणि शेजारच्याचे हात कुठे होते ते मात्र अगदी बारकाईनं, खरं आठवत होतं. त्या रांगेत कुणाचाच हात वर नव्हता. मला तिथून उठून अनिकेतच्या गाडीत जाऊन बसावंसं वाटलं. इतकं वाईट मला स्वतःच्या घरच्या कुठल्या मरणातही वाटलं नव्हतं.

मग हान्नानं विचारलं, "तू कशासाठी आला होतास?"

त्यानं ओल्हाचं सांगितलं. हान्नानं ऐकून घेतलं, टेबलावरचे पावाचे कण हातानं गोळा केले.

"लाव फोन."

"हान्ना..."

"लाव. मी पाहिलं म्हणून सांगते."

"तू पाहिलं नाहीस."

"मरणाऱ्या बाईला आणखी काय द्यायचं? आणि उद्या माझ्या मुलीनं तुला विचारलं, तर तू माझं सांग."

पेत्रोनं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं असतं तर कदाचित त्यानं लावला नसता. मी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. विरुद्ध कुणीच नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्या दिवशी तिकडे वीज होती. भाच्यानं फोन उचलून ओल्हाला दिला. हान्ना त्यांच्या भाषेत मोठ्यानं बोलत होती आणि बोलता बोलता तिनं उजवा हात डोक्यावर ताठ केला, जणू ओल्हाला तो दिसणारच होता. मग तिनं फोन पेत्रोला दिला. पलीकडून एका म्हातारीचं रडणं मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होतं. "पेत्रिकू, पेत्रिकू," असं काहीतरी ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते त्याचं लहानपणचं नाव, हान्नानं मला कानात सांगितलं. पेत्रो नुसता हो हो करत होता.

अनिकेत आत आला, त्यानं पेत्रोला फोनवर पाहिलं आणि मला अंगठा दाखवला. परतीच्या वाटेवर त्यानं आरशातून मागे बघत म्हटलं, "अंकल, सो हॅपी फॉर यू."

"थँक यू," पेत्रो म्हणाला. घर येईपर्यंत तो एवढंच बोलला.

पुन्हा ट्रॉय

मी अनिकेतला काही सांगितलं नाही. मृणालनं शेजाऱ्याच्या समेटासाठी शिरा केला, ईरानं त्याला मिठी मारली. आमच्या घरात हा अमेरिकेतला सगळ्यात छान शनिवार ठरला.

त्यानंतर ओल्हा रोज फोन करायची. वीज असेल तेव्हा, त्यांच्या रात्री, आमच्या दुपारी. डॉक्टरांना खोटं ठरवून तिला हुशारी वाटू लागली होती, ती उठून बसायला लागली होती. आपल्या भावानं काय केलं ते ती शेजारपाजारच्यांना बोलावून सांगते, असं भाच्यानं कळवलं. गावच्या जुन्या माणसांचे पेत्रोला निरोप यायला लागले. कुणी माफी मागितली, कुणी आशीर्वाद दिला.

पेत्रोच्या अंगणात टोमॅटो वेलीवरच सडले. शेपूला बी धरलं, वाळला, कुणी काढला नाही. मी चहाला बोलावलं की तो यायचा, पण विधिमंडळाचं नाव काढत नव्हता. एकदा मी धीर करून म्हटलं की इतक्या वर्षांनी माणसाची आठवण दगा देते, त्यात त्याचा काय दोष.

"आठवणीनं दगा दिला नाही," तो म्हणाला. "तिनं मला सांभाळलं. आता काय सांभाळेल?"



निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. डब्यात पुरणपोळ्या नेल्या होत्या. त्यानं डबा घेतला, बाजूला ठेवला, खुर्ची दिली. बाहेर पानं पिवळी पडायला लागली होती. आम्ही हवेबद्दल बोललो. माझं विमान किती वाजता, मुंबईत आता उकडत असेल का, असलं काहीबाही. टेबलावर त्याचा फोन वाजायला लागला. पडद्यावर तिकडचा नंबर होता.

त्यानं हात पुढे केला नाही. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला.

"ओल्हा असेल," मी म्हणाले. "उचल ना, पेत्रो. वीज गेली तर मग लागायचा नाही."

त्यानं मान हलवली. "तो मला नाहीये, सुनंदा. ज्यानं हात वर केला होता, त्याला आहे."